कचेरीची भाषा आणि अर्जदाराची भाषा

यंदाच्या व्याख्यानमालेत आम्ही भाषेच्या हक्काविषयी बोलणार, हे ऐकून आमच्या काही मित्रांना नवल वाटले. युनियनच्या माणसाने पगार, बोनस, महागाईभत्ता यांवर बोलावे. भाषेचा प्रश्न प्राध्यापकमंडळींचा, असा त्यांचा समज. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पुढे जे वाचले ते युनियनच्या कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. तेव्हा भाषाशास्त्राचा आव आम्ही आणणार नाही. परंतु गेली तीस वर्षे यंत्रमागावरच्या आणि विडीच्या कामगारांचे अर्ज लिहिण्यात व फॉर्म भरण्यात आमचा निम्मा वेळ गेला आहे. कागद कोणत्या भाषेत आहे एवढ्यावरून माणसाचा हक्क बुडताना आम्ही पाहिला आहे. त्या अनुभवाची शिदोरी घेऊन इतिहास वाचला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो. उदाहरण मुख्यतः उर्दूचे घेतले आहे. तेच का, हे पुढे दिसेल.

कचेरीतली भाषा रयतेला कळावी, हा विचार आपल्याकडे वाटतो तितका जुना नाही. राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. स्वराज्याचा मान म्हणून त्या कोशाचे मोल मोठेच आहे. पण त्यातले पुष्कळसे शब्द काळाच्या ओघात मागे पडले, आणि अर्ज, जामीन, फिर्याद, तारीख हे आपल्या तोंडात राहिले. खेड्यातल्या माणसाला 'अर्ज' शब्द फारसीतून आला हे ठाऊकही नसते. तो कोठे द्यावयाचा एवढेच त्याला हवे असते. राज्याचा मान आणि रयतेची सोय या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा बराचसा गुंता सुटतो.

कंपनी सरकारने १८३७ साली कायदा करून न्यायाच्या व महसुलाच्या कामातून फारसी काढून टाकण्याची वाट मोकळी केली. कारण सांगितले ते लोकांच्या सोयीचे. परंतु उत्तर हिंदुस्थानात फारसीच्या जागी आली ती फारसी लिपीतली उर्दू. लिपी तीच, बहुतेक कारकून तेच, आणि दस्तऐवजातली वाक्येही अशी की क्रियापद तेवढे हिंदुस्थानी, बाकी सारा फारसीचा थाट. शेतकऱ्याच्या हाती समन्स पडले की ते वाचून घेण्यासाठी त्याला कोणाच्या तरी दारी जावे लागे, आणि वाचणारा फुकट वाचीत नसे.

यातूनच नागरीची चळवळ उभी राहिली. बिहारात १८८१ च्या सुमारास उर्दूच्या जागी हिंदी आली. काशीस १८९३ साली नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. पंडित मदनमोहन मालवीय यांनी १८९८ साली वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अँटनी मॅक्डोनेल यांच्याकडे निवेदन नेले. त्यावर सुमारे ६०,००० सह्या होत्या. मालवीयांच्या म्हणण्याचा गाभा असा की, ज्या लिपीतला कागद रयतेला वाचता येत नाही तिच्यात रयतेचा न्याय होऊ शकत नाही. हे म्हणणे आम्हांस निखालस खरे वाटते.

मॅक्डोनेलसाहेबाचा ठराव १८ एप्रिल १९०० रोजी निघाला. आम्ही तो पुनःपुन्हा वाचला आहे, आणि कागदावर तरी त्याच्याइतका समतोल हुकूम दुसरा क्वचित सापडेल. अर्ज नागरीत द्यावा वा फारसी लिपीत, ज्याची त्याची मर्जी. समन्स व जाहीरनामे दोन्ही लिपींत निघावेत. कारकुनाच्या जागी नवा माणूस घ्यावयाचा तर त्याला दोन्ही यावयास हवे. म्हणजे दोन लिपी शिकण्याचा भार अर्जदारावर न टाकता पगार घेणाऱ्यावर टाकलेला. त्याहून रास्त काय असू शकते? पण नागरीवाल्यांनी तो आपला विजय मानला आणि उर्दूवाल्यांनी आपला पराजय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लखनौस नवाब मोहसिन-उल-मुल्क यांच्या पुढाकाराने उर्दूच्या संरक्षणासाठी मोठी सभा भरली. दोन्ही बाजूंच्या सुशिक्षितांचे लक्ष कचेरीतल्या नोकऱ्यांवर होते, हे स्पष्ट बोलावयास हवे. समन्स वाचता न येणारा शेतकरी दोघांच्याही भाषणांत होता. सभेत मात्र तो कोठे होता हे आम्हांस दिसत नाही.

आता आपल्या घराजवळ येऊ. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. तेथे १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, आणि १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून वैद्यक आणि विज्ञान शिकविण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण परभणीच्या वा नांदेडच्या मराठी मुलाला प्राथमिक शाळा ओलांडली की परक्या भाषेत जावे लागे, आणि त्याच्या बापाला सातबाऱ्याची तक्रार करावयाची तर उर्दू जाणणारा लेखनिक गाठावा लागे. गंमत अशी की हैदराबाद संस्थानचे टपाल स्वतंत्र होते आणि त्याच्या तिकिटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरेही छापलेली असत. तिकीट विकत घेताना रयतेची भाषा चाले. दाद मागताना चालत नसे. मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात उर्दूविषयी जी अढी दिसे ती या अनुभवातून आलेली आहे, आणि ती खोटी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

टपालाचा उल्लेख आलाच आहे, तर त्या खात्याविषयी थोडे अधिक सांगतो. सरकारच्या साऱ्या खात्यांत टपाल हे गरिबाच्या सर्वांत जवळचे. तलाठ्याकडे तो भीत भीत जातो, कोर्टाची पायरी चढू नये म्हणतो, पण टपालकचेरीत तो आपण होऊन जातो. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत १८५४ साली अंतर कितीही असले तरी पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर झाला. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले. १८८० साली मनीऑर्डर आणि १८८२ साली बचत बँक टपालखात्याकडे आली. या चार गोष्टींनी गिरणगाव आणि कोकण एकमेकांस बांधले गेले. कोकण मनीऑर्डरीवर जगते असे आपण म्हणत असू, तसेच मऊ, मुबारकपूर, आझमगड इकडचे विणकरही जगत. सत्तावन्नच्या बंडानंतर तिकडून निघालेल्या मोमीन विणकरांनी मुंबईची मदनपुरा वस्ती वाढविली, मालेगाव आणि भिवंडीस माग घातले. त्यांची लिहिण्याची भाषा उर्दू. मुंबईच्या बड्या टपालकचेरीसमोर, विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर १९१३ साली बांधून झालेल्या त्या इमारतीसमोर, पत्रलेखकांची रांग बसत असे. मराठी, हिंदी, उर्दू, ज्याला जी हवी ती भाषा तेथे चार पैशांत मिळे. सरकारने जे खिडकीच्या आत द्यावयास हवे होते ते फुटपाथवर मिळत होते, असा त्याचा अर्थ आम्ही करतो.

मनीऑर्डरच्या फॉर्मवरून एक राज्य फुटण्याची सुरुवात झाली, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. पाकिस्तान झाल्यावर तेथल्या सरकारने नोटा, टपालाची कार्डे, मनीऑर्डरचे फॉर्म उर्दू आणि इंग्रजीत छापले. बहुसंख्य प्रजा पूर्व बंगालची, तिची भाषा बंगाली. तिला जागा नाही. १९४७ संपण्यापूर्वीच डाक्क्यात त्याविरुद्ध आवाज उठला. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी पाकिस्तानच्या घटना समितीत कोमिल्लाचे धीरेंद्रनाथ दत्त यांनी, सभागृहाच्या कामात बंगालीलाही जागा द्यावी अशी दुरुस्ती मांडली. त्यांचे भाषण विद्वत्तेचे नव्हते. ते म्हणाले ते असे: एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा डाक्का विद्यापीठात शिकतो आहे, बापाला त्याला पैसे पाठवावयाचे आहेत, गावच्या टपालकचेरीत तो फॉर्म मागतो तर तो उर्दूत छापलेला, आता तो वाचून घेण्यासाठी त्याने दूरच्या शहरी धाव घ्यावी काय? जमिनीच्या व्यवहाराच्या स्टँपकागदाचीही त्यांनी तीच गोष्ट सांगितली. दुरुस्ती फेटाळली गेली. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी डाक्क्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५६ च्या पाकिस्तानी घटनेत बंगालीला उर्दूच्या जोडीस बसविले, पण तोवर मने दुभंगली होती. दत्तांना १९७१ च्या मार्चमध्ये पाकिस्तानी लष्कराने पकडून नेऊन मारले. त्या वेळी त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते.

आता श्रोत्यांनी नकाशाची दुसरी बाजू पाहावी. ज्या वर्षांत उर्दू डाक्क्यात हुकूम सोडीत होती, त्याच वर्षांत लखनौला तीच उर्दू हातात अर्ज घेऊन उभी होती. १९५१ च्या कायद्याने उत्तर प्रदेशाची राजभाषा देवनागरीतली हिंदी झाली. ते योग्यच होते. पण शाळा, कोर्ट, कचेरी यांतून उर्दूचा पाय एकाएकी निघाला. घटनेच्या ३४७ व्या कलमान्वये राज्यातल्या पुरेशा लोकांची इच्छा असेल तर एखाद्या भाषेला मान्यता देण्याचा आदेश राष्ट्रपती देऊ शकतात. डॉ. झाकिर हुसेन यांनी १९५४ साली २० लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांना सादर केले. आदेश निघाला नाही. पुढे १९६७ साली झाकिर हुसेन स्वतः राष्ट्रपती झाले. तेव्हाही निघाला नाही. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावे लागते, हे खरेच.

त्या सह्यांचा काहीच परिणाम झाला नाही असे नाही. १४ जुलै १९५८ रोजी केंद्रीय गृहखात्याने एक निवेदन काढले. उर्दूत लिहिलेले दस्त भाषांतराची वा लिप्यंतराची अट न घालता कोर्टांनी व कचेऱ्यांनी स्वीकारावेत. उर्दूत अर्ज घ्यावेत. महत्त्वाचे कायदे, नियम, जाहीरनामे जेथे ही भाषा चालते तेथे उर्दूतही काढावेत. हे वाचताना आम्हांस १९०० चा ठराव आठवला. मागणी तीच, शब्दही जवळजवळ तेच. फक्त नागरीच्या जागी उर्दू उभी. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी ज्यांना एका लिपीचे समन्स वाचता येत नव्हते, त्यांच्या नातवंडांनी आपल्या शेजाऱ्याच्या हाती दुसऱ्या लिपीचे समन्स द्यावे, आणि त्यात काही वावगे आहे हे कोणाच्या ध्यानात येऊ नये, याचे आम्हांस अजून नवल वाटते.

या निवेदनाचे एक वैगुण्य होते. ते निवेदन होते, कायदा नव्हता. युनियनमध्ये आम्ही पहिला धडा शिकलो तो हा की मालकाचे आश्वासन आणि नोंदलेला करार यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकास आपली तक्रार संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क दिला आहे. हक्क मोठाच, पण उत्तर त्याच भाषेत द्यावे असे ते कलम म्हणत नाही, आणि अर्ज वाचणारा माणूस ठेवावा असेही म्हणत नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या वेळी केंद्राने जे टिपण केले त्यात, ज्या नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्य भाषेचे लोक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही छापाव्यात, असे ठरले. १९५७ साली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमले. आयुक्त दरवर्षी अहवाल देतो. अंमल करणे राज्यांच्या हाती.

कामगार कायद्याने या बाबतीत अधिक शहाणपणा दाखविला होता, हे आम्ही अभिमानाने सांगतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात असे कलम होते की कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि त्या कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात. राज्याची राजभाषा कोणती, जिल्ह्यात कोण किती टक्के, हा प्रश्नच नाही. यंत्रात हात कोणाचा जाणार आहे ते पाहा आणि त्याच्या भाषेत पाटी लावा. सोलापुरात पद्मशाली विणकरांसाठी तेलुगू, भिवंडीत उर्दू वा हिंदी. पाळले किती जागी, हा भाग वेगळा; कित्येक शेडमध्ये आम्हांला ती पाटी भांडून लावून घ्यावी लागली.

टपालकचेरीतला एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीचा, एका मागाच्या गावातला. गावाचे नाव घेत नाही. आमच्या युनियनचा एक सभासद, मऊकडचा विणकर, रोज सकाळी चहाच्या दुकानात उर्दू वर्तमानपत्र मोठ्याने वाचून चार जणांना ऐकविणारा, बचत बँकेतून पैसे काढावयास गेला. त्याने उर्दूत सही केली. खिडकीवरच्या कारकुनाने शाईची डबी पुढे सरकविली आणि अंगठा करा म्हणून सांगितले. दोन साक्षीदारही आणावयास लावले. पैसे मिळाले, पण तो माणूस संध्याकाळी आमच्या कचेरीत येऊन बराच वेळ नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "कामरेड, आज मुझे अनपढ़ लिख दिया." आम्ही दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांना भेटलो. सही अमुकच लिपीत हवी असा नियम दाखवा म्हटले. नियम त्यांना दाखविता आला नाही. "वाचता न येणारी सही पडताळायची कशी?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि गृहस्थ वाईट नव्हते. सही वाचावयाची नसते, नमुन्याशी ताडून पाहावयाची असते, हे त्यांना पटावयास दोन आठवडे गेले. पुढे त्या खिडकीवर उर्दू सह्या चालू लागल्या. फॉर्म मात्र उर्दूत आला नाही.

टपालखात्याने भाषांच्या गोंधळावर शोधलेला एक तोडगा मात्र फार सुरेख आहे, आणि तो एका मराठी माणसाचा आहे. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते नाना लिपींत, त्यामुळे पत्रे भटकत. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी टपालखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पत्ता कोणत्याही लिपीत असो, आकड्यांवरून थैली बरोबर जिल्ह्यात पोहोचते. शेवटच्या गल्लीत मात्र नाव वाचणारा पोस्टमन लागतोच; तेथे आकड्यांचा इलाज चालत नाही. तारखाते २०१३ साली बंद झाले, जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ साली गेली आणि तिची जागा संगणकावरच्या मनीऑर्डरीने घेतली. खिडकीवरचा माणूस उद्या नसेलही. पडद्यावर कोणती भाषा दिसते हा प्रश्न तेवढाच राहील.

राज्यांनी पुढे काय केले ते थोडक्यात सांगतो. बिहारने १९८१ साली काही जिल्ह्यांत उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला. इंद्रकुमार गुजराल यांची समिती १९७२ साली नेमली गेली, १९७५ साली तिने अहवाल दिला आणि तो पुष्कळ दिवस कपाटात राहिला. उत्तर प्रदेशाने १९८९ साली काही ठरावीक कामांपुरती उर्दूला दुसरी भाषा मानले. त्यावरचा दावा सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली निकालात निघाला आणि कायदा वैध ठरला. एका अर्ज घेण्याच्या प्रश्नाला पंचवीस वर्षे.

आपल्या महाराष्ट्रातला प्रश्न याच वळणावर येऊन उभा राहिला. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीच्या खाली उर्दूत नाव आहे. १९५६ पासून तेथे उर्दूचा वापर होत आला, असे नगरपरिषदेचे म्हणणे. एका माजी सदस्येने हरकत घेतली: २०२२ च्या स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषा कायद्याने कारभार मराठीतच हवा, मग उर्दू कशी? उच्च न्यायालयाने २०२४ साली हरकत फेटाळली. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी सर्वोच्च न्यायालयात तोच निर्णय कायम केला. मराठी ठेवून तिच्या जोडीस दुसरी भाषा लिहिण्यास कायद्याची मनाई नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे त्या निकालाचे सार.

पातूरच्या पाटीने मराठीचे काय गेले, असा प्रश्न आम्ही एका सभेत विचारला तेव्हा एका तरुणाने उठून, "आज पाटी, उद्या दप्तर" असे उत्तर दिले. त्याला आम्ही बेळगावची आठवण दिली. बेळगावातले मराठी लोक सातबारा, मतदारयादी आणि नगरपालिकेच्या सूचना मराठीत मागतात, त्या १५ टक्क्यांच्या नियमावरच बोट ठेवून. तेथले सत्ताधारीही हेच म्हणतात: आज कागद, उद्या गाव. तो तरुण बेळगावच्या मोर्चाला जाऊन आलेला होता. तो खाली बसला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. आमचेही म्हणणे एवढ्याने संपत नाही, कारण मराठवाड्याचा जो अनुभव वर सांगितला तो त्याच्या आजोबांचा होता. ज्याच्या आजोबांनी परक्या भाषेची सक्ती सोसली त्याला हे पटविताना वेळ लागणार. महाराष्ट्रात मराठी पहिली, आणि नोकरीला येणाऱ्याला ती आलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. मालेगावातल्या उर्दू शाळेत मराठी चांगली शिकविली जावी म्हणून आम्ही शिक्षण मंडळाकडे खेटे घातले आहेत. त्या मुलांना मराठी आली तर त्यांचा पगार वाढेल. पण त्यांच्या आईला आज दवाखान्याची चिठ्ठी वाचावयाची आहे.

खर्चाचा मुद्दाही नेहमी निघतो. आपल्या नोटेवर पंधरा भाषांची ओळ छापली जाते, तीत मराठी आहे आणि उर्दूही. तिच्यामुळे खजिना रिकामा झाल्याचे ऐकिवात नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात ५ कोटी ७ लाखांहून अधिक लोकांनी उर्दू ही मातृभाषा सांगितली; त्यांपैकी सुमारे ७५ लाख महाराष्ट्रातले. त्यानंतरची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून करावयाचे ठरले. कोणत्या नगरपालिकेत १५ टक्क्यांची रेघ ओलांडली जाते हे तिच्यातल्या मातृभाषेच्या रकान्यावर ठरेल. मोजणीदार पुष्कळदा नाव ऐकून वा मोहल्ला पाहून तो रकाना आपणच भरतो. कोकणातला मुसलमान घरी कोकणी बोलतो, सोलापूरचा विणकर तेलुगू, उल्हासनगरचा सिंधी सिंधी. आमच्या युनियनने सभासदांना एवढेच सांगितले आहे की उत्तर आपले आपण द्यावे, आणि कागदावर वा पडद्यावर काय लिहिले गेले ते मोजणीदार उठण्यापूर्वी वाचून दाखविण्यास सांगावे.